कवाना : यहुदी प्रार्थनेंतील अवधान

रावेर-यावलच्या शेतकऱ्यास केळीविषयीं कांहीं सांगावयास नको. ती एकदां निसवली, घड उतरला, कीं तें खोड संपलें. पुढचें पीक बुडाशीं फुटलेल्या मुनव्यांवर यावयाचें. हीच गोष्ट एका दूरच्या धर्मपरंपरेनेंही हेरून ठेविली आहे. यहुदी आचाराप्रमाणें फळ तोंडांत घालण्यापूर्वीं ईश्वराचे आभार मानावयाचे. झाडाच्या फळाला एक वचन, जमिनीच्या पिकाला दुसरें. योसेफ कारो यांच्या, १५६५ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या आचारग्रंथांत केळें दुसऱ्या वर्गांत घातलें आहे. फळ दिल्यावर जें खोड उरत नाहीं, तें झाड कसलें!

बाहेरच्या माणसास हा निव्वळ काथ्याकूट वाटेल. पण वचन निवडावयाचें तर हातांत काय आहे, तें कोठें व कसें वाढलें, याकडे क्षणभर पाहावेंच लागतें. सुवासाला, विजेच्या लखलखाटाला, इंद्रधनुष्याला अशींच निरनिराळीं वचनें आहेत. निसान महिन्यांत, म्हणजे आपल्या चैत्राच्या सुमारास, फळझाडें मोहरलेलीं दिसलीं कीं वर्षांतून एकदांच म्हणावयाचें वचन तर फारच रम्य आहे.

मनाच्या या रोखाला हिब्रू भाषेंत ‘कवाना’ म्हणतात. जीभ पाठ म्हणत राहते आणि मन बाजारांत हिंडतें, ही अडचण यहुदी आचार्यांस पूर्ण ठाऊक होती. प्राचीन भक्तजन प्रार्थनेपूर्वीं घटकाभर स्वस्थ बसून चित्त स्थिर करीत, असें ‘मिश्ना’ ग्रंथांत सांगितलें आहे. युक्रेनमधील ब्रात्स्लावचे रब्बी नाहमान (१७७२–१८१०) शिष्यांना एकट्यानें रानांत जाऊन आपल्या घरगुती भाषेंत देवाशीं बोलावयास सांगत. त्यांच्या हसिदी पंथांत शब्दांवांचून केवळ सूर आळवण्याची रीतही आहे.

महाराष्ट्रांत हें सारें मराठींत नांदलें, तें बेने इस्राएल समाजामुळें. कोंकणांत तेल गाळणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवारतेली’ म्हणून ओळखले जात. परंपरा अशी, कीं त्यांची हिब्रू भाषा जवळजवळ विसरली गेली. उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना. तिचें पहिलें वचन हातानें डोळे झांकून म्हणतात. मुंबईंत त्यांचें पहिलें सिनेगॉग १७९६ सालीं उभें राहिलें. पण मन गुंतावयास समजणारी भाषा हवी, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं कीर्तन उचललें. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें साकी-दिंडीच्या चालींवर रंगूं लागलीं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांतील रामदासी पोथ्या चाळणाऱ्यास या निवडीचें नवल वाटूं नये. कथेंत श्रोता गुंतला कीं चित्त आपोआप ठिकाणावर येतें, हें कीर्तनकारांस पूर्वींपासून ठाऊक आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना तर त्यासाठीं जात्याखेरीज दुसरें वाद्यही लागलें नाहीं.

या समाजाचा खास विधि मलिदा. पोहे, गूळ अथवा साखर, खोबरें, वेलदोडे एकत्र कालवून ताटांत ठेवतात. भोंवतीं फळें आणि सुवासासाठीं सब्जाची डहाळी. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचें गीत सर्वजण मिळून गातात. मग प्रत्येक जिन्नसावर त्याचें त्याचें वचन! नवस फेडतांना, लग्नाआधीं, तसाच वृक्षांच्या नववर्षदिनीं, म्हणजे पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास, हा विधि होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा असल्यानें, तेथेंही लोक मलिद्यासाठीं जमतात.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं, आणि त्यांतील कित्येक नेगेव्हच्या वाळवंटांतील दिमोना, बेअरशेबा या गांवीं वसलीं. तेथें ना नारळीच्या बागा, ना कोंकणचा समुद्र. प्रार्थनेची हिब्रू तेथें व्यवहाराची भाषा झाली. पण मलिद्याला पोहे लागतात ते लागतातच, आणि फळें वेंचून ताटांत मांडतांना वडीलधारी माणसें एकमेकांशीं बोलतात तीं मराठींत.