मुरानोची काचजाळी समुद्रापार

सोळाव्या शतकात व्हेनिसच्या काचपात्रांवर दिसू लागलेली पांढऱ्या धाग्यांची जाळी आजही भट्टीसमोर हातानेच साकारली जाते. इटालियन भाषेत 'रेतिचेल्लो', म्हणजे लहानसे जाळे, असे नाव असलेली ही जुनी पद्धत अमेरिकेत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने मुरानो बेटावरील काचकलावंत लिनो तालियापिएत्रा यांना दिले जाते.

कामाचा आरंभ काचेच्या कांड्यांपासून होतो. पांढऱ्या काचेच्या गाभ्यावर पारदर्शक काचेचा थर चढवून तो तप्त गोळा दोन कारागीर विरुद्ध दिशांना ओढत नेतात. अशा बारीक कांडीचे तुकडे शेजारी-शेजारी मांडून तापवतात, फुंकनळीच्या टोकाभोवती गुंडाळतात आणि त्यांना पीळ देतात. असे दोन फुगे लागतात. एकाचा पीळ उजवा, दुसऱ्याचा डावा. एक फुगा दुसऱ्याच्या आत फुंकला की रेषा परस्परांना छेदतात आणि कांड्यांमधील खाचांत हवा कोंडून जाळीच्या प्रत्येक घरात एक सूक्ष्म बुडबुडा उरतो. पीळ किंवा तापमान किंचित जुळले नाही तरी जाळी विस्कटते. ती मागाहून दुरुस्त करता येत नाही.

आगीच्या भीतीने व्हेनिस प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये भट्ट्या मुरानोवर हलविल्या. कारागिरांना परदेशी जाण्यास मनाई होती व कौशल्य घराण्यांतच राहत असे. १९३४ मध्ये जन्मलेले तालियापिएत्रा अकराव्या वर्षी याच बेटावर उमेदवारी करू लागले. १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या पिलचक काचशाळेत शिकविण्याचे निमंत्रण स्वीकारले. डेल चिहुली यांनी १९७१ मध्ये सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या या शाळेत त्यांचे मेहुणे आदल्याच वर्षी शिकवून आले होते.

पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गुपिते परक्यांना दिल्याबद्दल मुरानोत त्यांच्यावर टीका झाली. ज्यांचा चरितार्थच त्या गुपितांवर होता, त्यांचा रोष समजण्यासारखा आहे. मात्र व्यवहार एकतर्फी नव्हता. अमेरिकी तरुणांकडे कल्पना भरपूर, पण हातोटी तोकडी होती; तालियापिएत्रांना तेथे कारखान्याच्या नमुन्यांबाहेर पडण्याची मोकळीक मिळाली. त्यांच्याकडून शिकलेले सिएटलचे डान्टे मारिओनी प्राचीन घाटांच्या उंच पात्रांवर हीच जाळी उमटवतात.

मुरानोतील भट्ट्या नैसर्गिक वायूवर रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या लागतात. २०२१ मध्ये वायूचे दर भडकले, तेव्हा बेटावरील अनेक कारखान्यांना काम थांबवावे लागले.