बचनागाची साक्ष

3 डिसेंबर 1881. लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या ब्लेनहाइम हाउस शाळेत संध्याकाळी सातच्या सुमारास डॉ. जॉर्ज लॅमसन आपल्या मेहुण्याला भेटायला आला. मेहुणा, पर्सी जॉन, अठरा वर्षांचा. मणक्याच्या विकाराने त्याचे पाय लुळे पडले होते. आईवडील हयात नव्हते. बहिणीचा नवरा मुद्दाम भेटायला आलाय, येताना केक आणि मिठाई घेऊन आलाय, याचं त्या मुलाला किती अप्रूप वाटलं असेल!

लॅमसनने शेरी घेतली आणि तीत घालायला साखर मागवली. केक कापून पर्सीला आणि हेडमास्तर बेडब्रुक यांना दिला, स्वतःही खाल्ला. मग खिशातून जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल काढल्या. कडू औषध घ्यायला या किती सोयीच्या, हे त्याने मास्तरांना समजावून सांगितलं. एकीत सर्वांदेखत साखर भरली, पर्सीला गिळायला दिली आणि पॅरिसची गाडी गाठायचीय म्हणून तो निघून गेला. रात्री साडेअकराच्या आत पर्सीने प्राण सोडला होता.

आता घरातला हिशेब पाहू. पर्सीच्या वाट्याला सुमारे 3,000 पौंड येणार होते. तो 21 वर्षांचा होण्याआधी वारला, तर ती रक्कम दोन बहिणींत वाटली जाणार होती. म्हणजे लॅमसनच्या बायकोला जवळपास 1,500 पौंड. आणखी एक भाऊ, हर्बर्ट, 1879 मध्ये वारला होता आणि त्याच्या वाट्यातलाही पैसा लॅमसनच्या घरात आला होता. डॉक्टर स्वतः मॉर्फिनच्या आहारी गेलेला आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. घड्याळ आणि शस्त्रक्रियेची हत्यारंसुद्धा त्याने गहाण टाकली होती. सातबाऱ्यावरच्या एका नावापायी भावकीत काय काय घडतं, हे पाहिलेल्या आपल्या वाचकांना यापुढचं सांगायला नको.

त्याने निवडलेलं विष बचनागाच्या कुळातलं होतं. निळ्याजांभळ्या, टोपीसारख्या फुलांचं हे झुडूप युरोपच्या डोंगरांत उगवतं, तसंच त्याचे भाऊबंद आपल्या हिमालयातही. झाडाचे सगळेच भाग विषारी, पण सर्वांत जास्त ताकद कंदात असते. त्यातलं अ‍ॅकोनिटिन मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघडतं आणि मिटूच देत नाही. आधी ओठांना, जिभेला मुंग्या येतात, मग बधिरपणा पसरतो आणि शेवटी हृदयाचा ताल पार बिघडतो. शुद्ध मात्र बराच वेळ शाबूत राहते. पर्सीला आपल्या शरीरात काय चाललंय ते कळत होतं, आणि या प्रकरणातलं हे मला सर्वांत क्रूर वाटतं. खटल्यावर लिहिणारे डॉक्टरच्या चलाखीत इतके रमतात की खुर्चीला खिळलेला तो मुलगा बाजूलाच पडतो.

लॅमसनचा भरवसा एका गोष्टीवर होता. अ‍ॅकोनिटिन ओळखण्याची खात्रीची रासायनिक कसोटी तेव्हा कुणाकडेच नव्हती. पण गाय्ज हॉस्पिटलचे डॉ. थॉमस स्टीव्हन्सन यांनी शवातून काढलेला अर्क चक्क जिभेला लावून पाहिला. जी चरचर आणि जो बधिरपणा आला, तो दुसऱ्या कुठल्याही वनस्पतिविषाचा नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. उंदरांना तोच अर्क टोचल्यावर ते शुद्ध अ‍ॅकोनिटिन दिलेल्या उंदरांसारखेच मेले. दुसरा धागा त्याहून साधा. वर्तमानपत्रातली बातमी वाचून एका औषधपेढीतल्या माणसांना आठवलं की, याच डॉक्टरने 24 नोव्हेंबरला आपल्याकडून 2 ग्रेन अ‍ॅकोनिटिन नेलं होतं. 2 ग्रेन म्हणजे जेमतेम 130 मिलिग्रॅम. एवढ्या चिमटीची विक्री लक्षात राहिली, म्हणून खटला उभा राहिला. मार्च 1882 मध्ये ओल्ड बेलीत लॅमसन दोषी ठरला आणि 28 एप्रिलला त्याला फाशी झाली.

तरी एक गाठ सुटलीच नाही. विष नेमकं कशात होतं? कॅप्सूल सगळ्यांसमोर भरली गेली होती आणि केक तिघांनीही खाल्ला होता. माझं मत केककडे झुकतं. घरून येतानाच एका तुकड्यातल्या मनुक्यात विष भरून ठेवणं डॉक्टरला अवघड नव्हतं. कॅप्सूलचा एवढा गाजावाजा सगळ्यांची नजर तिथे खिळून राहावी म्हणूनच असावा.

हेच कुळ आपल्या वैद्यांनी शतकानुशतकं औषधात वापरलं आहे. तापावरच्या त्रिभुवनकीर्ती रसात बचनाग असतो, पण शुद्ध केलेला. कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवायचे, रोज गोमूत्र बदलायचं, मग उन्हात वाळवायचे. किंवा दुधात शिजवायचे. या खटाटोपात अ‍ॅकोनिटिनचा रेणू फुटतो आणि त्यातून कितीतरी सौम्य द्रव्यं उरतात. यामागचं रसायनशास्त्र पुढे उलगडलं, रीत मात्र आधीपासून होती.

आणि बाळगुटीतलं अतिविष? तेही याच कुळातलं, पण त्यात अ‍ॅकोनिटिनसारखं जहाल द्रव्य नाही. ते उंच हिमालयात, काश्मीरपासून उत्तराखंडपर्यंतच्या कुरणांत वाढतं. औषध कंदात असल्यामुळे खणलं की झाड संपलं. बी धरण्याआधीच खणलं तर पुढची पिढीही संपली. चांगला भाव मिळतो म्हणून इतकं खणलं गेलं, की निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत अतिविषाची नोंद आज ‘धोक्यात’ अशी आहे. माल दुर्मिळ झाला की भेसळ आलीच, आणि इथे भेसळ तान्ह्या बाळाच्या तोंडात जाते. जाणकार काष्ठौषधीवाला अतिविषाची कांडी मोडून पाहतो. ती आतून पांढरी निघते. चवीला नुसती कडू लागते, जिभेला मुंग्या आणत नाही. मुंग्या आल्या तर माल दुसराच. स्टीव्हन्सननी कोर्टात सांगितलेली खूण हीच. पण ती कसलेल्या जिभेची आहे, घरी कुणी करून पाहू नये. घरच्यांनी कांडी ओळखीच्या वैद्याला दाखवावी आणि मगच सहाणेवर उगाळावी.