प्राप्तिकराचे टप्पे आणि वेतनवाढीची भीती

वार्षिक वेतनवाढ, वरिष्ठ वेतनश्रेणी अथवा थकबाकी मिळण्याचा प्रसंग आला म्हणजे शिक्षकवर्गात एक शंका हटकून ऐकू येते. उत्पन्न वरच्या टप्प्यात गेले, तर सगळ्याच रकमेवर वाढीव दराने कर बसेल व हाती पूर्वीपेक्षा कमी पडेल, अशी ती शंका आहे. तिच्यापायी हक्काच्या लाभाचा प्रस्ताव रेंगाळत ठेवणे हे शिक्षकाच्याच तोट्याचे आहे. कारण वेतनवाढ पुढील प्रत्येक वर्षाच्या वेतनात धरली जाते. म्हणून या विषयाचे गणित येथे मांडीत आहोत.

टप्प्यांची रचना मळ्यातील वाफ्यांसारखी आहे. पाटाचे पाणी पहिला वाफा भरल्यावर दुसऱ्यात सोडतात. दुसरा भरू लागला म्हणून पहिल्यातले पाणी हलत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यात पडलेल्या रुपयांनाच लागू होतो.

जुन्या, म्हणजे वजावटी घेण्याच्या करपद्धतीचे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे दर पाहू. साठ वर्षांखालील व्यक्तीस पहिल्या २,५०,००० रुपयांवर कर नाही. तेथून ५,००,००० पर्यंत शेकडा ५, तेथून १०,००,००० पर्यंत शेकडा २० व त्यावरील रकमेवर शेकडा ३० असे दर आहेत. एका शिक्षकाचे करपात्र उत्पन्न १०,००,००० रुपये असल्यास त्याचा कर १२,५०० अधिक १,००,००० मिळून १,१२,५०० रुपये होतो. दुसऱ्याचे उत्पन्न १०,१०,००० रुपये आहे. शेकडा ३० हा दर त्याच्या वरच्या १०,००० रुपयांनाच लागतो व कर ३,००० रुपयांनी वाढतो. त्यावर शेकडा ४ उपकर धरला, तरी वाढीव दहा हजारांतील ६,८८० रुपये त्याच्या हाती राहतात.

मग ही शंका आली कोठून? १९३९ पूर्वी आपल्या देशात पायरीपद्धत होती. उत्पन्न ज्या पायरीवर पोहोचे, तिचा दर संपूर्ण उत्पन्नास लागे आणि पायरी जेमतेम ओलांडणाऱ्याचे खरोखर नुकसान होई. १९३९ मध्ये ती जाऊन टप्प्यांची पद्धत आली. शिवाय आपल्या वेतनपत्रकातील व्यवसाय कर आजही पायरीच्याच धर्तीचा आहे. १९७५ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार तो आकारला जातो. पुरुष कर्मचाऱ्याचे मासिक वेतन १०,००० रुपयांवर गेले, की वर्षाला २,५०० रुपयांची ठरलेली रक्कम कापली जाते. महिलांसाठी ही सीमा २५,००० रुपये आहे. दोन्ही कर एकाच पत्रकात दिसत असल्याने एकाचा नियम दुसऱ्यास लावला जातो.

नव्या करपद्धतीत मात्र एक सीमा नीट समजून घ्यावी. त्याच वर्षी १२,००,००० रुपये करपात्र वेतनावर टप्प्यांनुसार निघणारा ६०,००० रुपये कर सवलतीने पूर्ण माफ होतो. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरता १२,७५,००० रुपये वेतनापर्यंत कर नाही. सीमा ओलांडताच ही माफी जाते. तेव्हा सारा कर एकदम अंगावर येऊ नये म्हणून कायद्याने सीमांत सवलत ठेविली आहे. सीमेवर जितकी रक्कम असेल, तिच्याहून अधिक कर आकारीत नाहीत. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असल्यास टप्प्यांनुसार ६१,५०० रुपये कर निघतो. पण द्यावे लागतात १०,००० रुपये व वर ४०० रुपये उपकर. म्हणजे बारा लाखवाल्यापेक्षा हाती ४०० रुपये कमी पडतात. करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,००० होईपर्यंत वाढीव रक्कम अशी करातच जाते. तथापि उपकरामुळे होणारा तोटा तीन हजारांच्या आतच राहतो. त्यापुढे, १६,००,००० पर्यंत, प्रत्येक वाढीव शंभर रुपयांतील ८४ रुपयांहून अधिक पुन्हा हाती येऊ लागतात. नव्या पद्धतीत शंकेत तथ्य आहे ते मुख्यतः याच पट्ट्यापुरते.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनी लाभाचा प्रस्ताव अडविण्यापूर्वी कागद घेऊन टप्प्याटप्प्याने आकडेमोड करावी. वरच्या वर्गात शेकडेवारी शिकवितानाही हे उदाहरण फळ्यावर घ्यावे. उद्या मुलांपैकी कोणी नोकरीस लागेल, तेव्हा ऐकीव भीतीपेक्षा हे गणित त्याच्या अधिक उपयोगी पडेल.