पळसाला ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ का म्हणतात?

होळीच्या आसपास यावल किंवा शिरपूरकडून सातपुड्यात गेलात, तर पानं गळालेल्या झाडांवर केशरी फुलंच फुलं दिसतात. हा पळस. लांबून जंगल पेटल्यासारखं वाटतं, म्हणून इंग्रजीत ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’, म्हणजे जंगलातली ज्वाळा.

त्याचं दुसरं इंग्रजी नाव ‘पॅरट ट्री’. कारण फुलाची बाकदार पाकळी पोपटाच्या चोचीसारखी दिसते. ‘किंशुक’ या संस्कृत नावातही तीच गंमत आहे: हा पोपट तर नाही ना?

शास्त्रीय नाव मात्र ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’. ‘ब्युटिया’ आलं लॉर्ड ब्यूट यांच्यावरून. ते १७६२-६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि त्यांना वनस्पतिशास्त्राची आवड होती. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एका बीचा. पळसाच्या शेंगेत बी एकच असते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मूळचा मादागास्करचा गुलमोहरही काही ठिकाणी याच इंग्रजी नावाने ओळखला जातो. त्यामुळे रोप घेताना नुसत्या इंग्रजी नावावर जाऊ नका, पानं बघा. गुलमोहराची पानं पिसांसारखी, बारीक बारीक. आणि पळसाला? पाने तीनच!