शेणाच्या दगडांतील करपा

आंब्याची कोंवळी पालवी करप्यानें काळी पडली, किंवा मोहोरावर भुरी बसली, म्हणजे "वाडवडिलांच्या वेळीं हे रोग नव्हते" असें बागाईतदार म्हणतात. महसूल खात्यांत कारकून असतां पीकपाहणीच्या वेळीं आम्हीं हें वाक्य कितीदां तरी ऐकिलें, आणि खरेंही मानिलें. आमच्या भाईंदर-उत्तनच्या बाजूस तें आजही कानीं येतें. परंतु चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं दगडांची हकीकत वाचल्यावर ती समजूत आम्हांस सोडावी लागली.

त्या जिल्ह्यांतील पिसदुरा गांवाजवळ शेणाच्या गोळ्यांसारखे दगड सांपडतात. डायनोसॉर नामक अजस्र वनचरांची विष्ठा साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं गाळांत दबली व कालांतरानें तिचा दगड झाला. मॅटले ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें सन १९३९ मध्यें ह्या दगडांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें सन २००४ मध्यें कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ते सूक्ष्मदर्शकानें तपासले, तों वनस्पतींच्या अवशेषांबरोबर कोलेटोट्रायकम व एरिसायफी ह्या वर्गांतील बुरशी त्यांत आढळल्या. पहिल्या वर्गांतील बुरशी आज आंबा-मिरचीवर करपा आणते. दुसऱ्या वर्गांतील द्राक्षावर भुरी. झाडांच्या रोगट पानांबरोबर त्या जनावरांच्या पोटांत गेल्या, असा शोधकांचा निष्कर्ष आहे.

जनावरांच्या पोटांतील जंतही असेच पुराणे. ब्राझील देशांत शार्क माशाच्या सत्तावीस कोटी वर्षांपूर्वींच्या विष्ठेंत पट्टकृमीचीं अंडीं मिळाल्याचें सन २०१३ मध्यें प्रसिद्ध झालें.

आजची बुरशी हुबेहूब तीच, असें आमचें म्हणणें नाहीं. घराणें मात्र तेंच. तेव्हां रोग नवा म्हणून काळास बोल लावणें व्यर्थ होय, आणि एका फवारणीनें तो कायमचा जाईल ही आशाही तितकीच व्यर्थ. वाळलेल्या फांद्यांवर व गळलेल्या पानांवर करपा दबा धरून राहतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून नव्या पालवीवर बसतो. म्हणून वाळकी काडी छाटून पालापाचोळ्यासह बागेबाहेर काढावी. करप्यासाठीं एक किलो मोरचूद, एक किलो चुना व १०० लिटर पाणी ह्या प्रमाणाचें बोर्डो मिश्रण, आणि भुरीसाठीं पाण्यांत मिसळणारें गंधक वेळेवर फवारावें.

साडेसहा कोटी वर्षें टिकलेला शत्रु एका हंगामांत हटत नाहीं. तथापि दरसाल वेळेवर जागा राहणारा बागाईतदार आपलें पीक त्याच्या हातीं जाऊं देत नाहीं.