पंप आणि पाइप (भाग ५) : दुखणं सक्शनचं

गेल्या आठवड्यात आपण हेड आणि डिस्चार्ज यांचं नातं पाहिलं. आज पंपाच्या अलीकडची, म्हणजे सक्शनची बाजू. पंप पाणी धरेनासा झाला की आपण इंपेलर बदलतो, मोटर रिवाइंड करून आणतो. दोष मात्र पुष्कळदा विहीर ते पंप एवढ्याशा पाइपात असतो.

पंप पाणी ओढतो, हा समज आधी काढून टाकू. पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली हवा. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो, पुण्याच्या उंचीवर तो ९.७ मीटरच्या आसपास उतरतो. एवढीच आपली जमा.

आता खर्च मांडू. पुण्याकडची विहीर, पाणी पंपाच्या ५ मीटर खाली. फूट व्हॉल्व्ह, बेंड आणि पाइपातलं घर्षण मिळून १ मीटर. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्याच्या बाष्पदाबापोटी ०.४ मीटर. एकूण ६.४ गेले, उरले ३.३ मीटर. हा झाला ‘उपलब्ध एनपीएसएच’. पंपाला किती लागतो, ते कंपनीच्या आलेखात दिलेलं असतं. समजा ३ मीटर लागतो, तर पंप जेमतेम चालेल. वैशाखात पाणी आणखी मीटरभर उतरलं की हिशेब तुटीत. मग इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका घसरतो की गार पाणीसुद्धा उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढताच धडाधड मिटतात. पंप आतून खडखडतो, पाणी कमी पडतं, इंपेलरला खड्डे पडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. म्हणून हिशेब उन्हाळ्यातल्या पातळीवरच करावा आणि गरजेपेक्षा निदान अर्धा ते एक मीटर शिल्लक ठेवावी.

हवेचा दाब आपल्या हातात नाही, पण पंपाची जागा आणि पाइप आहेत. विहिरीत कडेला ओटा बांधून पंप खाली घेता येतो. पावसाळ्यात तो बुडणार नाही एवढं पाहावं. तेवढ्याच पाण्यासाठी ८० मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटरचा पाइप घातला, तर घर्षण साधारण एक-तृतीयांशावर येतं. म्हणून सक्शन पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठा घ्यावा आणि पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवावा.

दुसरा शत्रू हवा. पाइप विहिरीकडून पंपाकडे सतत थोडा चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा आला की तिथे हवा साचते आणि पंप पाणी सोडतो. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर लावताना तो एका बाजूने सपाट असलेला घ्यावा आणि सपाट बाजू वर ठेवावी. तोंडाला लागून एल्बो नको. पाइपाच्या व्यासाच्या पाच ते दहा पट लांबीचा सरळ तुकडा आधी असावा, नाहीतर पाणी इंपेलरवर वाकडंतिकडं येतं. फूट व्हॉल्व्ह पुरेसा बुडालेला हवा. पाण्यावर भोवरा दिसला, तर पंप हवा घेतोय असं समजावं. फ्लँजचं पॅकिंगही तपासावं. सक्शनमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने तिथल्या बारीक भेगेतून पाणी गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे गळती डोळ्यांना दिसतच नाही.

आणि पाणी कमी-जास्त करायचं, तर ते डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हने. सक्शनचा व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे कॅव्हिटेशनला आमंत्रण.

पंप घेताना दुकानदाराशी घासाघीस जरूर करा, पण सक्शन पाइपाच्या साइजमध्ये काटकसर करू नका. पुढच्या आठवड्यात डिलिव्हरीची बाजू : वीज अचानक गेल्यावर पाइप का फुटतात, ते पाहू.