वजनकाट्याला न दिसणारी चरबी

कर्जत-खालापूरच्या ठाकूर, कातकरी वाड्यांवर बाळ जन्मलं की पहिला प्रश्न वजनाचा. अडीच किलो भरलं की सगळे निर्धास्त. बोरघाट चढून पुण्याकडे गेलं की मात्र काट्यावरचा हा भरवसा डळमळतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या, दिवस राहण्याआधीपासूनच, नोंदी सुरू केल्या. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं किरकोळ, यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. पाठीवर, फऱ्याखाली, कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली, तेव्हा स्नायूंत फार मागे असलेली ही बाळं चरबीत मात्र गोऱ्या बाळांच्या जवळपास निघाली. दिसायला बारीक, आतून चरबी राखून. पुढे मधुमेहाला वाट देणारी ठेवण हीच.

ही ठेवण आईच्या पोटात कशी घडत असावी? जनुकांची अक्षरं त्यात बदलत नाहीत. त्यांच्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट बसतात आणि कोणत्या जनुकाने किती काम करायचं ते ठरतं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीच्या जनुकावर हे गट साठ वर्षांनंतरही कमी आढळले. हे गट जुळवायला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश मातांना बी-१२ कमी होतं. फोलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. मधला दुवा मिथाइलच, याचा पक्का पुरावा अजून जमतो आहे.

टाकळा, कुर्डू, भारंगी माझ्याही आवडीच्या. पण रानभाज्यांत फोलेट असतं, बी-१२ नसतं. ते दूध, अंडी, मटण, मासळीत. शेतातल्या चिंबोरीत आणि सुकटीतही. शहरी पाहुणे ज्याच्या वासाला नाक मुरडतात, ते खाणंच इथे कामाचं. अडचण वेगळी आहे: दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि अंगणवाडीतला आहार मागे राहतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ बायकांना दिवस राहण्याआधीपासून रोज दिला गेला. गरोदरपणातला मधुमेह त्यांच्यात कमी आढळला. म्हणजे गरोदर बाईची नोंद झाल्यावर ताटाकडे पाहणं उशिराचंच. उद्याच्या आया असलेल्या आश्रमशाळेतल्या मुलींना अंडं-दूध खरोखर मिळतं का, हे पालकांनी आजच जाऊन विचारावं.